गोड्या पाण्यातले शिंपले: मोजताना, ओळखताना, हलवताना या चुका टाळा

नदीच्या तळाशी मोठमोठे शिंपले दिसले की पाहणी करणारा वहीत 'भरपूर' असं लिहून मोकळा होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हे प्राणी फार जगतात. युरोपातला मोत्यांचा शिंपला, मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा, सहज शंभरी ओलांडतो. त्यामुळे प्रजनन थांबून कित्येक दशकं उलटली तरी म्हातारे शिंपले जागेवरच असतात आणि आकडा ठणठणीत दिसतो.

म्हणून नुसते मोजू नका, प्रत्येकाची लांबी लिहा. लहान लांबीचे रकाने ओस पडलेले असतील तर ती वसाहत संपत चालली आहे, आज शेकडो शिंपले दिसत असले तरीही. मात्र पिल्लं पहिली काही वर्षं वाळूत पूर्ण गाडून घेतात, वरून दिसत नाहीत. ठरावीक चौकटीतला गाळ काढून चाळणीने चाळल्याशिवाय 'पिल्लं नाहीत' असं ठरवू नका. रिकामी कवचंही जिवंत शिंपल्यांच्या आकड्यात मिसळू नका. ती वर्षानुवर्षं टिकतात आणि पुराबरोबर दूरवर वाहत जातात.

पिल्लं नाहीत म्हटलं की बोट लगेच पाण्याकडे जातं. पाणी कारण असू शकतं, विशेषतः अमोनिया. प्रौढ शिंपला तग धरतो अशा पाण्यातही पिल्लं मरतात. अमेरिकेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाचे निकष कडक केले त्यामागे शिंपल्यांची ही नाजूक बाजू होती. पण पाणी तपासण्याच्या नादात मासे तपासायचे राहून जातात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा मोठा गट म्हणजे युनिओनिडा गण; त्यातल्या जवळपास सगळ्या शिंपल्यांच्या अळ्यांना काही दिवस ते काही महिने माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काढावे लागतात. बहुतेक जातींत या अळीला ग्लोकिडियम म्हणतात. मादी अळ्या आपल्याच कल्ल्यांत सांभाळते. १७९७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ राथके यांना त्या तिथे दिसल्या तेव्हा त्यांनी त्या शिंपल्यावरचे परजीवी ठरवून 'ग्लोकिडियम पॅरासिटिकम' असं नाव देऊन टाकलं! परजीवीपण खरं होतं, फक्त यजमान चुकला.

आणि कोणताही मासा चालत नाही. वर सांगितलेल्या मोत्यांच्या शिंपल्याला सॅलमन किंवा ट्राउटच लागतो. लॅम्प्सिलिस नावाच्या शिंपल्यांच्या माद्या प्रावाराची (कवचाच्या आतल्या मऊ पडद्याची) कड छोट्या माशासारखी हलवून शिकारी माशाला जवळ बोलावतात आणि त्याच्या तोंडावर अळ्या सोडतात. एपिओब्लाज्मा या दुसऱ्या शिंपल्यांच्या काही जाती तर माशाचं डोकंच कवचात पकडून धरतात. एक अमेरिकी जाती माशाऐवजी पाण्यातल्या सॅलमँडरवर अवलंबून आहे. तेव्हा नदीवर धरण झालं आणि नेमका तोच मासा येईनासा झाला, तर स्वच्छ पाण्यातही वंश थांबतो. संवर्धन केंद्रात एकच मासा पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोहही टाळा. अळ्यांचा अनुभव घेतलेल्या माशात प्रतिकारशक्ती येते आणि पुढच्या खेपेला त्या गळून पडतात.

ओळख पटवताना कवचाच्या आकारावर विसंबणं धोक्याचं. एकाच जातीचं कवच संथ पाण्यात वेगळं, वेगवान प्रवाहात वेगळं होतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये कवचांचे अभ्यासक बूर्गिन्या आणि त्यांच्या अनुयायांनी एनोडॉन्टा या शिंपल्यांच्या आकारातल्या अशा फरकांवरून नव्या जातींचा पाऊस पाडला. त्यातली बहुतेक नावं आज बाद आहेत. बिजागरीचे दात, कवचाच्या आतल्या स्नायूंच्या खुणा आणि शक्य असेल तिथे डीएनए पाहा.

डीएनएमध्येही एक सापळा आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं वेगळं डीएनए एरवी आईकडूनच येतं, पण अनेक जातींत नरही आपलं मायटोकाँड्रियल डीएनए मुलग्यांना देतो आणि ते त्यांच्या जननग्रंथीत राहतं. नराच्या जननग्रंथीचा तुकडा घेतलात तर डीएनएचा क्रम इतका निराळा येतो की नवी जातच सापडल्यासारखं वाटेल. नमुना प्रावाराचा किंवा पायाचा घ्या.

ओळखताना आणखी एक घोळ होतो: झेब्रा शिंपला युनिओनिडा गणातला नाहीच. त्याची अळी पाण्यात मोकळी पोहते, मासा लागत नाही आणि प्रौढ धाग्यांनी दगडाला, पाइपला, इतर शिंपल्यांनाही चिकटतो. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत १९८० च्या दशकात तो पोचल्यावर स्थानिक शिंपले त्याच्या थरांखाली उपाशी मेले. 'शिंपले वाढले' ही बातमी त्यामुळे नेहमीच चांगली नसते.

आता हाताळणी. कवच बोटांनी ताणून उघडू नका, मिटणारे स्नायू फाटतात. अळ्या पोटाशी असलेल्या मादीला फार त्रास झाला तर ती त्या अकाली सोडून देते. परत ठेवताना पायाचं टोक गाळात आणि पाणी घेण्या-सोडण्याची छिद्रं असलेलं टोक वर, असं रोवा. नुसते फेकले तर अशक्त शिंपल्यांना पुन्हा रुतणं जमत नाही.

स्थलांतर करायचंच झालं तर आधी कवच घासून झेब्राची पिल्लं चिकटलेली नाहीत ना ते बघा आणि काही काळ वेगळ्या पाण्यात ठेवा. प्रत्येकाच्या कवचावर क्रमांकाची पट्टी चिकटवा. पुढच्या आठवड्यात सगळे जिवंत दिसले म्हणून अहवाल लिहायला बसू नका. उपासमारीने मरायला शिंपल्याला महिने लागतात, त्यामुळे निदान एक-दोन वर्षांनी तेच क्रमांक पुन्हा शोधावे लागतील.