ढग आणि एरोसोल मोजणाऱ्या उपकरणांची चाचणी : नव्याने येणाऱ्यांसाठी

हवेत तरंगणारे धूळ, धूर, समुद्री मीठ यांचे सूक्ष्म कण, म्हणजेच एरोसोल, आणि ढग यांची मोजणी करणाऱ्या उपग्रह-उपकरणांच्या चाचणीचे काम मी करतो. या क्षेत्रात येणारे बरेच जण वातावरणशास्त्र उत्तम शिकलेले असतात, तरी त्यांनी सुरुवातीचा काळ उपकरण समजून घेण्यातच घालवावा असे माझे ठाम मत आहे, कारण प्रक्षेपणानंतर त्याच्या भिंगाला कोणाचाच हात लागणार नसतो.

पातळ एरोसोलकडून येणारा प्रकाश ढगाच्या मानाने फारच मंद असतो. ढगाच्या प्रकाशाचा अगदी लहानसा अंश जरी भिंगांमध्ये परावर्तित होऊन शेजारच्या पिक्सेलवर पडला, तरी ढगाच्या कडेला लागून असलेल्या निरभ्र आकाशातही कण असल्याचा भास होतो. ते तपासण्यासाठी आम्ही अंधाऱ्या खोलीत उपकरणासमोर प्रकाशाचा एकच बिंदू ठेवतो आणि एक्स्पोजर वाढवत नेतो. बिंदू पार पांढराफटक पडला की त्याच्या आजूबाजूला फिकट कडी आणि ठिपके उमटू लागतात. प्रत्येक कोनातून हे पुन्हा करावे लागते. काम अतिशय संथ आहे, पण डेटाची पुढची सगळी दुरुस्ती याच नोंदींवर अवलंबून असते.

लिडारमध्ये, म्हणजे लेझरचा झोत सोडून परतणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणात, लक्ष ध्रुवीकरणावर, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेवर, ठेवावे लागते. 2006 मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहावरील लिडार ते 532 नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजत असे. गोल कणांवरून थेट परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण जवळजवळ टिकते, तर ओबडधोबड धूलिकणांमुळे ते बदलते; उपकरणातील आरशानेच ते बदलले, तर धुराची नोंद धूळ म्हणून होऊ शकते. 2024 मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहाचा लिडार 355 नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील प्रकाशात चालतो. अशा लेझरच्या बाबतीत आणखी एक धोका असतो : निर्वातात गोंदातून किंवा केबलच्या आवरणातून सुटलेली वाफ लेझरच्या झोतातील काचेवर थर धरते. त्यामुळे स्वच्छ कक्षात कोणता पदार्थ आत गेला, याची यादी काटेकोरपणे ठेवणे हेही चाचणीचेच काम आहे.

कंपन आणि निर्वात-तापमान चाचण्यांची भव्य यंत्रे नवख्यांना आकर्षित करतात. माझ्या मते खरे महत्त्व चाचणीच्या आधी आणि नंतर तशाच पद्धतीने घेतलेल्या मोजमापांच्या तुलनेला आहे. शक्य असेल तर विमानावरील मोहिमेतही जरूर सामील व्हा. नासाचे ईआर-2 विमान सुमारे 20 किलोमीटर उंचीवरून उडते, त्यामुळे वातावरणाचा बहुतांश भाग त्याच्या खाली राहतो. तिथे चाललेले उपकरण परत हाती येते आणि प्रयोगशाळेत पुन्हा तपासता येते.