आयर्लंडच्या खेड्यात राहायला जाताय? मग गावात मिसळायचं कसं ते वाचा

घोडबंदर रोड म्हणा, नेरूळ म्हणा, हल्ली ओळखीत कोणीतरी नर्स किंवा केअरर आयर्लंडला निघालेली असतेच, आणि मी तिथल्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहून आता परत पाचपाखाडीत आलेय म्हणून फोन मला येतात. सगळ्यांना डब्लिनबद्दल विचारायचं असतं, पण नर्सिंग होमची नोकरी बऱ्याचदा निघते एक चर्च, एक दुकान आणि दोन पबच्या गावात. तिथे तुम्हाला बोलवायला कोणी दारात येणार नाही, पण आपणहून गेलात की बाजूला सरकून जागा करून देतात. म्हणून जिथे गाव जमतं तिथे हजेरी लावायची, बाकी सगळं हळूहळू जमतं.

आधी पत्ता. विंग, फ्लॅट नंबर, अमुकच्या समोर असलं तिथे काही नसतं, एका वस्तीतल्या सगळ्या घरांचा पत्ता अगदी सेम असू शकतो. २०१५ मध्ये एअरकोड आला, म्हणजे प्रत्येक घराला सात अक्षर-आकड्यांचा वेगळा कोड, तो पहिल्याच दिवशी पाठ करा, ११२ किंवा ९९९ ला फोन करून अँब्युलन्स बोलवायची वेळ आली तर तोच सांगायचाय. जीपीकडे म्हणजे गावच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं पण लांबवू नका, बऱ्याच ठिकाणी नवीन पेशंट घेत नाहीत.

गाडीचं म्हणाल तर चालवायची डावीकडूनच, पण आपलं लायसन्स तिथलं करून मिळत नाही, राहायला गेलात की थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, मग ड्रायव्हिंग टेस्ट हे सगळं करावंच लागतं. तोपर्यंत लोकल लिंकची, म्हणजे खेड्यापाड्यांसाठीच्या सेवेची बस, काही रूटवर आधी फोन करून सीट सांगून ठेवायची. रस्ते इतके अरुंद की कधीकधी मधोमध गवत उगवलेलं असतं, समोरून गाडी आली की ज्याच्या मागे जागा जवळ तो रिव्हर्स घेतो, हॉर्न वाजवायचा नाही. फेब्रुवारी २०२५ पासून अशा लहान रस्त्यांवर लिमिट ताशी ८० वरून ६० किलोमीटर केलंय. आणि समोरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो, ओळख असो नसो, तुम्ही पण करायचं, चालत असाल तर हात करायचा.

दुकानात घाई नको. "हाऊ आर यू" ला "ग्रँड" म्हणायचं, मग पावसाबद्दल दोन वाक्यं, मग दूध-ब्रेड. कुठे राहता, कोणाचं घर घेतलंय, कामाला कुठे, हे विचारतील, आपल्या गावाकडच्या आजीने "कोणाची गं तू?" विचारावं तसंच आहे ते, सांगून टाका मोकळेपणाने. मुंबईकडची म्हटलं की लिओ वराडकरांचा विषय निघणारच. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड आणि ते २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले एवढं माहीत असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मयत. आपल्याकडच्यांना वाटतं ओळख नाही तर कशाला जायचं, पण तिथे शेजाऱ्याची आई गेली, दुकानदाराचा भाऊ गेला तरी सगळं गाव जातं. लोकल रेडिओवर नावं वाचतात, आरआयपी डॉट आयई या निधनाच्या बातम्यांच्या वेबसाइटवर वेळ टाकतात, घर फक्त कुटुंबापुरतं असेल तर तेही लिहिलेलं असतं. दोन-तीन दिवसांत दफन होतं. त्याआधी लोक रांगेत उभे राहतात, बाहेर रस्त्यावर पिवळी जॅकेटं घालून शेजारीच गाड्या लावून देत असतात, आत गेलं की शवपेटी उघडी असते, घरचे ओळीने बसलेले असतात, एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणायचं. पेटीपाशी क्षणभर थांबा, मनात हवं ते म्हणा, हात जोडलेत तरी चालतं. मग चहा-सँडविच देतात, तो घ्यायचा. घरी येऊन आंघोळ करायची असेल तर करा ना, कोण विचारतंय. पण जा. ज्यांच्याकडे तुम्ही गेलात ते घर तुम्हाला विसरत नाही, हे मी बघितलंय.

दुसरी जागा म्हणजे जीएएचं, म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचं मैदान. ही संघटना १८८४ मध्ये थर्ल्सला सुरू झाली, खेळ दोन, काठीने चेंडू मारायचं हर्लिंग आणि हातापायांनी खेळायचं गेलिक फुटबॉल, खेळाडूंना पगार नाही, रविवारी गोल मारणारा पोरगा सोमवारी तुमच्या घरी प्लंबिंगला येतो. मुलं असतील तर सरळ नाव घाला, नसतील तर चहाच्या काउंटरवर उभ्या राहा. मेयोने सीनियर फुटबॉलची ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीची स्पर्धा, शेवटची जिंकली १९५१ मध्ये, त्यानंतर कितीतरी फायनल हरले तरी घराघरावर हिरवे-लाल झेंडे लागतात, त्या प्रेमाची मला खरंच कदर आहे. उन्हाळ्यात टायडी टाउन्सवाले संध्याकाळी कचरा उचलतात, झाडं लावतात, ही नीटनेटक्या गावांची स्पर्धा १९५८ पासून चालू आहे, हातमोजे घालून जायचं, नाव-गाव नंतर विचारतात.

सामानात भाजणी, गोडा मसाला, आमसुलं घ्या, पण पेढे, तूप, खव्याचं काही नको, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. छत्री वाऱ्यात टिकत नाही, चांगलं रेनजॅकेट घ्या.

आणि डिसेंबर. साडेचारला काळोख, ड्युटी संपवून रात्री आठला घरी याल तेव्हा ठाण्यात दीड वाजलेला, आई झोपलेली. या दिवसांत खोलीत बसून राहू नका, गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये पत्त्यांचा डाव असतो तिथे जा. ट्वेंटी-फाइव्ह खेळतात, प्रत्येकाला पाच पत्ते, एका हाताचे पाच पॉइंट, पंचवीस झाले की जिंकलात. हुकुमाची पंजी सगळ्यात मोठी, मग हुकुमाचा गुलाम, आणि हुकूम कुठलाही असो, तिसऱ्या नंबरला बदामचा एक्का. लाल साध्या पत्त्यांत मोठा आकडा भारी, काळ्यांत मात्र लहान आकडा भारी, हे सुरुवातीला गोंधळात टाकतं म्हणून निघायच्या आधी घरच्यांना बसवून चार डाव खेळून घ्या.