वर्णभेदविरोधी लढ्याला मिळालेल्या गुप्त परकीय मदतीवर शोधनिबंध कसा लिहावा

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी चळवळीला परकीय सरकारांनी केलेल्या गुप्त मदतीवर लिहू इच्छिणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्याने सर्वप्रथम ही मदत नेमकी कोणापासून लपवली होती, हे ठरवावे. स्वीडनच्या संसदेने 1969 मध्ये मुक्तिचळवळींना मानवतावादी साहाय्य देण्यास मान्यता दिली आणि 1973 पासून आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेला थेट सरकारी मदत मिळू लागली. धोरण उघड होते, परंतु दक्षिण आफ्रिकेच्या आत पैसा कोणत्या वाटेने जातो हा तपशील गोपनीय ठेवला जाई, कारण तो फुटता तर घेणाऱ्यावर थेट तुरुंगवासाची पाळी आली असती.

ही वाट समजण्यासाठी जॉन कॉलिन्स या धर्मगुरूंनी लंडनमध्ये उभारलेल्या इंटरनॅशनल डिफेन्स अँड एड फंडाचा अभ्यास करावा. स्वीडन या निधीच्या मोठ्या देणगीदारांपैकी एक होता. प्रिटोरियातील दक्षिण आफ्रिकी सरकारने 1966 मध्ये निधीवर बंदी घातल्यानंतर राजकीय खटल्यांचे शुल्क मध्यस्थ वकिलांमार्फत पोहोचू लागले, तर कैद्यांच्या कुटुंबांना सामान्य नागरिकांनी लिहिलेल्या खासगी पत्रांसोबत पैसे जात. म्हणून प्रत्येक व्यवहाराची नोंद करताना पैसा कोणी दिला, कोणाच्या हातून गेला, कागदावर नाव कोणाचे होते आणि तो कोणाला मिळाला, हे चार रकाने वेगळे ठेवावेत. पुरावा नसेल तो रकाना रिकामाच बरा.

स्वीडनची मदत बिगरलष्करी होती, सोव्हिएत संघाने मात्र शस्त्रे आणि लष्करी प्रशिक्षणही दिले. या दोहोंची सरमिसळ पुष्कळ लेखांत आढळते आणि त्यामुळे सगळा युक्तिवाद ढिला पडतो. भारताने 1946 मध्ये व्यापारबंदी केली, ते उघड पाऊल होते. त्याला पार्श्वभूमीत दोन ओळी पुरेत.

गोव्याचा धागा आकिनो द ब्रागांझा यांच्यापाशी सापडतो. गोव्यात जन्मलेले हे विचारवंत मोझांबिकची राजधानी मापुतो येथील आफ्रिकन अभ्यास केंद्राचे संचालक होते. 17 ऑगस्ट 1982 रोजी तेथे आलेल्या टपाल-बॉम्बने दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट ठार झाल्या आणि ब्रागांझा जखमी झाले. मोझांबिकने 1984 मध्ये दक्षिण आफ्रिकेशी केलेल्या एन्कोमाती करारान्वये परस्परांच्या विरोधकांना आसरा न देण्याचे मान्य केले, तरी दक्षिण आफ्रिकेची मोझांबिक सरकारविरुद्ध लढणाऱ्या रेनामो बंडखोरांना छुपी मदत चालूच राहिली. तेव्हा ‘गुप्त मदत’ दोन्ही बाजूंनी तपासावी.

आरंभीच्या वाचनासाठी पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालय सोयीचे आहे. स्वीडनच्या बाजूसाठी उप्सालाच्या नॉर्डिक आफ्रिका संस्थेने जमवलेल्या मुलाखती पाहाव्यात. मात्र त्या बहुतांशी घटनांनंतर बऱ्याच काळाने दिलेल्या असल्याने तारखा आणि रकमा समकालीन कागदपत्रांशी ताडून घ्याव्यात. मोझांबिकची कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि ती वाचू शकणारी ज्येष्ठ मंडळी गोव्यात अजून आहेत. निबंधाचा आराखडा पक्का करण्याआधीच त्यांची गाठ घ्यावी.