व्हिएतनामला स्वस्तात जाताय? बॅग भरण्याआधी हे वाचा

टूरवाल्यांबरोबर जाणाऱ्यांचं बरं असतं, गाईड सांभाळून घेतो. आपण फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिक स्टुलावर जेवणार, स्लीपर बसने फिरणार, होमस्टेत राहणार, म्हणजे सगळा संबंध थेट तिथल्या माणसांशी, तेव्हा रीतभात माहीत हवी. ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, सिंगल एन्ट्रीचे 25 डॉलर, 90 दिवसांपर्यंत मिळतो, एजंटला जास्तीचे कशाला द्यायचे.

बूट असे घ्या की झटकन निघतील. घरात शिरताना काढायचेच, आणि स्लीपर बसमध्ये तर पायरीवरच काढायला लावतात, हातात एक पिशवी देतात, त्यात घालून आपल्या बर्थपाशी न्यायचे, त्यामुळे मोजे धुतलेले असू द्या प्लीज. खांदे-गुडघे झाकणारा एक जोड हवाच, देवळात लागतो, आणि हनोईत हो चि मिन्हच्या समाधीला शॉर्ट्स घालून गेलात तर आत सोडत नाहीत. ती फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद.

पाकिटात 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या नोटा वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा, दोन्ही निळसर असतात, अंधारात हमखास घोळ होतो. पैसे दोन्ही हातांनी दिले तर समोरच्याला बरं वाटतं. घासाघीस खुशाल करा, ते काय आपल्याला शिकवायला नको, पण सकाळी दुकान उघडल्या उघडल्या नको. आपल्याकडे भवानी मानतात तसंच तिथेही मानतात, पहिलं गिऱ्हाईक भाव पाडून काही न घेता निघून गेलं तर अख्खा दिवस वाईट जाणार. आणि आवाज चढवू नका, हसून भाव करा, त्यानेच काम होतं.

शाकाहारी असाल तर 'आन चाय' हे व्हिएतनामी लिपीत फोनवर लिहून ठेवा. नुसतं मांस नको म्हटलं तरी फिश सॉस असतोच. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथलेही बरेच जण शाकाहारी खातात, त्या दिवशी चंगळ. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, मेलेल्यांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. टेबलावरच्या ओल्या टिश्यूचे बहुतेक ठिकाणी पैसे लागतात, फार नाही, पण फुकट समजून फोडू नका.

बाईकचं म्हणाल तर भारतातला इंटरनॅशनल परवाना 1949 च्या रस्ते-वाहतूक कराराचा, व्हिएतनाम मानतं 1968 चा, त्यामुळे अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. मी तरी ग्रॅबच घेईन, म्हणजे तिथलं ओला-उबरसारखं अ‍ॅप. तारखा ठरवताना टेट, म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, कधी आहे ते बघा, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला आहे, त्या आठवड्यात बरीच दुकानं बंद आणि बसची तिकिटं मिळता मिळत नाहीत.