ठिबकच्या ड्रिपरचं एफएसआय सिम्युलेशन कसं सुरू करायचं

जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं फायनल इयरला एफएसआय (फ्लुइड-स्ट्रक्चर इंटरॅक्शन) घेतात, म्हणजे पाणी नाहीतर हवा एखाद्या वस्तूला वाकवते आणि वाकलेली वस्तू परत तो फ्लो बदलते ते गणित, आणि पहिल्याच आठवड्यात सॉफ्टवेअर कोणतं यावर अडकून बसतात. सॉफ्टवेअर नंतर भो. आधी वस्तूची घनता आणि फ्लुइडची घनता यांचं गुणोत्तर काढा, पुढचं बरंचसं त्याच्यावरच ठरतं.

आपल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या आहेत ना, तिथं हवा घनमीटरला साधारण १.२ किलो आणि पात्याचं फायबरग्लास १८०० च्या आसपास. पातं एवढं जड की दर टाइमस्टेपला, म्हणजे वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, हवेचा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) एकदा चालवला, प्रेशर पात्याला दिलं, पातं हलवलं आणि पुढे गेलो तरी बहुतेक वेळा निभतं. याला लूज कपलिंग म्हणतात.

आता केळीच्या बागेतला प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर घ्या. आत सिलिकॉनचा छोटा पडदा असतो, प्रेशर वाढलं की तो वाकतो आणि पाण्याची वाट अरुंद करतो, म्हणून चढावर असो की उतारावर, डिस्चार्ज जवळपास सारखाच राहतो. पण पाणी १००० आणि सिलिकॉन ११०० ते १२००, गुणोत्तर एकाला चिकटलेलं. पडद्याला हलायचं तर समोरचं पाणीही ढकलावं लागतं, त्या पाण्याचं वजन जणू पडद्याच्याच अंगावर येतं, हाच ॲडेड मास इफेक्ट. इथं लूज कपलिंग लावलं की आकडे फुटतात, म्हणजे बेसुमार वाढत जातात, आणि सगळे लगेच टाइमस्टेप कमी करतात, पण त्यानं काही सुटत नाही! टाइमस्टेप कितीही लहान केला तरी हे फुटू शकतं, हे कॉसाँ, जेर्बो आणि नोबिले या संशोधकांनी २००५ मध्ये गणितानं दाखवलंय.

म्हणून इथं स्ट्राँग कपलिंगच. एकाच टाइमस्टेपमध्ये दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा चालवायचे, इंटरफेसवरचं, म्हणजे पाणी आणि पडदा भेटतात त्या पृष्ठावरचं, बळ आणि विस्थापन दोन्ही स्थिरावेपर्यंत. दर वेळी नवीन विस्थापन पूर्ण न घेता थोडंच घ्यायचं, ते किती ते एटकेन पद्धत आपोआप ठरवते, आणि क्वासी-न्यूटन घराण्यातली आयक्यूएन-आयएलएस लावली तर फेऱ्या बऱ्याच कमी होतात, मी तर सरळ तीच लावा म्हणेन.

सगळं फुकटात होतं. पाण्याला ओपनफोम, पडद्याला कॅल्क्युलिक्स, आणि दोघांना बोलतं करायला प्रीसाइस. प्रीसाइसच्या कॉन्फिग फाइलमध्ये इम्प्लिसिट कपलिंग (स्ट्राँगचंच तिथलं नाव) निवडा, एका सॉल्व्हरचे आकडे दुसऱ्याकडे नेताना बळाचं मॅपिंग कन्झर्व्हेटिव्ह (बेरीज तीच राखणारं) ठेवा आणि विस्थापनाचं कन्सिस्टंट (किंमत तीच राखणारं), हे उलट झालं तर एकूण बळच बदलतं.

जोडण्याआधी दोघांना वेगवेगळं चालवून बघा. पडदा कडक धरून फक्त पाणी, मग हातानं प्रेशर देऊन फक्त पडदा. रबर दाबून आकारमान बदलत नाही, त्यामुळे पडद्याचे गणितासाठी पाडलेले तुकडे, म्हणजे एलिमेंट, साधे लिनियर घेतले तर लॉक होतात आणि पडदा खोटाच कडक दिसतो, क्वाड्रॅटिक रिड्यूस्ड इंटिग्रेशनवाले घ्या, एनएलजिओम (मोठं वाकणं हिशोबात धरणारा पर्याय) चालू ठेवा आणि मटेरियल हायपरइलॅस्टिक, म्हणजे रबरासारखं खूप ताणणारं, द्या.

खरी डोकेदुखी मेशची, म्हणजे पाण्याची जागा ज्या बारीक सेलमध्ये वाटतो त्या जाळीची. एएलई (आर्बिट्ररी लाग्रांजियन-ऑयलेरियन) पद्धतीत पाण्याची मेश पडद्याबरोबर ताणली-दाबली जाते, आणि पडदा सीटला, म्हणजे समोरच्या बसायच्या जागेला, टेकायला आला की मधले सेल चपटे होऊन सगळं बंद. तिथं बारीक फट राखा, नाहीतर इमर्स्ड बाउंडरीकडे जा, गणितज्ञ चार्ल्स पेस्किननं १९७२ मध्ये हृदयाच्या झडपांसाठी वापरलेली तीच, तिच्यात पाण्याची मेश हलतच नाही.

ड्रिपरला हात लावण्याआधी ट्युरेक-ह्रोनचा एफएसआय-३ सोडवाच, हा उत्तर आधीच माहीत असलेला, सेटअप तपासायचा नमुना प्रश्न आहे. सिलिंडरमागे ०.३५ मीटर लांब आणि ०.०२ मीटर जाड लवचिक पट्टी, पट्टी आणि द्रव दोघांची घनता १०००, द्रवाचा सरासरी वेग सेकंदाला २ मीटर. पट्टीचं टोक साधारण ३४ मिलिमीटर वर-खाली, सेकंदाला ५.३ वेळा हललं पाहिजे. लॅपटॉपवर टूडीमध्ये चालतो, वेळ लागतो पण चालतो.

शेवटी प्रेशर-डिस्चार्जचा कर्व्ह काढा आणि खऱ्या ड्रिपरखाली मेजरिंग सिलिंडर ठेवून वेगवेगळ्या प्रेशरला मोजलेल्या आकड्यांशी लावून बघा. कर्व्हच्या आडव्या भागात, म्हणजे डिस्चार्ज जवळपास सारखा राहतो तिथं, फरक आला तर मेशच्या मागे लागण्याआधी पडद्याच्या रबराची टेन्साइल टेस्ट (ताणून बघायची चाचणी) कॉलेजच्या लॅबमध्ये करून घ्या.