बोटीचा कुजलेला ट्रान्सम घरच्या घरी पक्का कसा करायचा

"बाहेरून फायबरचे दोन-तीन थर मारा, होतंय सगळं नीट" असं सांगणारे खूप भेटतात, त्यांची बोट दोन वर्षांनी बघायला पाहिजे. ट्रान्सम म्हणजे मोटर जिथे लटकते तो मागचा फळा, आणि तो अख्खा फायबरचा नसतो, बाहेर एक कातडी, आत एक कातडी आणि मधे प्लायवूड. त्या दोन कातड्यांना एकमेकींपासून लांब आणि घट्ट धरून ठेवायचं काम प्लाय करतो म्हणून फळा वाकत नाही. प्लायचा लगदा झाला की वरून काहीही चढवा, आत लगदाच राहतो.

कुजलंय का ते बघायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आतल्या बाजूने खाली, पाणी सोडायच्या भोकाजवळ आणि मोटरच्या बोल्टांखाली 5-6 मिमीचं ड्रिल मारा. भुसा काळपट ओला निघाला की विषय संपला.

मोटर काढा, बोटीला मागून पक्का आधार द्या नाहीतर फळा मोकळा झाल्यावर तळ आकार सोडतो, आणि प्लायची जुनी जाडी मोजून लिहून ठेवा. मग आतली कातडी कडेने 5 सेमीची पट्टी सोडून कापा, पटाशीने कुजकं लाकूड उपसा, बाहेरच्या कातडीला आतून 40 नंबरच्या सँडपेपरने घासा आणि पूर्ण वाळू द्या. फायबरची धूळ वाईट असते, साधं फडकं तोंडाला बांधून भागत नाही, फिल्टरवाला मास्क घाला.

प्लाय मरीनच घ्या, बीएस 1088 मार्कचा, म्हणजे मरीन प्लायचं ब्रिटिश मानक. एक जाड फळी नको, 18 मिमीच्या दोन घ्या, का ते पुढे येतंच. पुठ्ठ्याचा साचा करून कापा, कोरडंच बसवून बघा. रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारा चिकट द्रव, एपॉक्सीच वापरा, पॉलिस्टर स्वस्त पडतं पण लाकडाला तेवढं धरत नाही आणि या जागी काटकसर करायचीच कशाला.

आता खरी गोम, प्लाय बाहेरच्या कातडीला चिकटवणं. यूट्यूबवर हे दहा सेकंदात होतं. माझं पहिल्यांदा काय झालं तर एपॉक्सी पातळच फासलं, होते नव्हते ते सगळे क्लॅम्प लावले आणि जीव खाऊन आवळले, कडेने रेझिन बाहेर आलं तेव्हा वाटलं वा काय मस्त बसलंय. दुसऱ्या दिवशी बाहेरून ठोकलं तर मधोमध ताटाएवढा भाग पोकळ. झालं असं की कातडीला बाहेरच्या बाजूला किंचित फुगवटा होता जो डोळ्याला दिसत नव्हता, प्लाय सपाट, मधे हवा अडकली आणि जिथे टेकलं होतं तिथलं रेझिन मी आवळून आवळून पिळून काढलं. सगळं पटाशीने परत फोडावं लागलं, आणि एपॉक्सीने धरलेला चांगला प्लाय फोडणं हे कुजका उपसण्यापेक्षा दसपट वैताग.

म्हणून आता असं करायचं. आधी लांब सरळ पट्टी आडवी-उभी धरून फुगवटा किती आहे ते बघा. प्लायला 15-15 सेमीवर 6 मिमीची भोकं पाडा, हवा तिथून निघते आणि पेस्ट वर आली की खाली भरलंय हे कळतं, जिथून आली नाही तिथे पोकळी आहे असं समजा. मग प्लायला आणि कातडीला पातळ एपॉक्सीचा हात द्या, कडांना दोनदा कारण कडा पाणी आणि रेझिन दोन्ही पितात. तो हात चिकट असतानाच सिलिकाची बारीक पावडर घालून पुट्टीसारखं दाट केलेलं एपॉक्सी दातेरी पत्र्याने कातडीवर पसरा, मधे जास्त कडेला कमी. पहिली 18 मिमीची फळी लावा, ती पातळ असल्यामुळे फुगवट्याबरोबर थोडी वाकते, 36 मिमीची अजिबात वाकत नाही. क्लॅम्प मधून कडेकडे, आणि फक्त पेस्ट भोकांतून वर येईपर्यंत, त्यापुढे एक आटासुद्धा नको. बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळलेला सरळ जाड वासा लावा म्हणजे कातडी जागेवर राहते. हार्डनर स्लो घ्या, आणि मिसळलेलं एपॉक्सी डब्यात ठेवून गप्पा मारू नका, ढीग तापतो आणि डब्यातच दगड होतो, पसरट ट्रेमध्ये ओता. दुसरी फळी पहिलीवर अशीच.

वाळल्यावर ठोकून बघा. छोटी पोकळी सापडली तर आतून ड्रिल मारून सिरिंजने एपॉक्सी भरता येतं, मोठी असेल तर मन घट्ट करून फोडा.

पुढचं सोपं आहे. वाळलेल्या एपॉक्सीवर चिकट मेणासारखा थर आला असेल तर घासायच्या आधी पाण्याने धुवा. कोपऱ्यांत दाट एपॉक्सीची गोलाई द्या कारण फायबर काटकोनात वळत नाही. मग बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांना धागे असलेल्या फायबरच्या कापडाचे तीन-चार थर, तळावर आणि बाजूंवर 15-20 सेमी चढवून, प्रत्येकाची कड वेगळ्या ठिकाणी संपवा. साधी चॉप्ड मॅट, म्हणजे फायबरच्या तुकड्यांची चटई, घेऊ नका, तुकडे धरून ठेवणारा तिचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीत तो विरघळत नाही.

मोटरची भोकं मात्र थेट पाडू नका, अर्धी मेहनत तिथेच वाया जाते. 12 मिमीचा बोल्ट असेल तर 20 मिमीचं भोक पाडा, दाट एपॉक्सीने भरा, वाळलं की त्यात मधोमध 12 चं पाडा, म्हणजे पाण्याला लाकूड दिसतच नाही. पाणी सोडायच्या भोकालाही हेच. बोल्टांना काढता येणारं मरीन सीलंट लावा, कायमचं चिकटणारं लावलंत तर मोटर काढताना स्वतःलाच शिव्या घालाल. नटाखाली मोठी प्लेट द्या, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर नट सैल झालेत का ते पाना लावून बघा.