वायफाय सारखं तुटतंय? नवा राउटर घेण्याआधी या चुका टाळा

नेट अडखळलं की बहुतेक घरांत ठरलेले उपाय होतात. आधी राउटर बंद-चालू, मग कंपनीला फोन, आणि तरीही जमलं नाही तर बाजारातून रिपीटर, म्हणजे रेंज पकडून पुढे पाठवणारा डबा. बिघाड कुठे आहे हे मात्र कुणी बघितलेलंच नसतं. नेट खांबावरून फायबरने राउटरपर्यंत येतं आणि तिथून हवेतून मोबाइलपर्यंत जातं. लाइन, राउटर आणि हवा, यांतलं नक्की काय तुटतंय हे दहा मिनिटांत कळू शकतं. ते कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (जिथे आज्ञा टाइप करतात त्या काळ्या पडद्याच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता टाका; समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं. हा पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला लावा. विंडोजमध्ये पिंग चार वेळा जाऊन थांबतं, म्हणून शेवटी उणे चिन्ह आणि टी जोडा, म्हणजे ते चालू राहील. आता नेट अडखळायची वाट बघा. राउटर २-५ मिलिसेकंदांत उत्तर देतोय, पण ८.८.८.८ कडून काहीच येत नाही, तर दोष लाइनचा. राउटरचंच उत्तर शंभराच्या वर जातंय किंवा मधेच गळतंय, तर दोष घरातल्या वायफायचा. खात्रीसाठी लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडून तेच पुन्हा बघा: केबलवर नीट चाललं तर दोष हवेचा, नाही तर राउटरचा. दोन्ही पिंग नीट चालतात आणि साइट मात्र उघडत नाहीत, असं असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

सगळ्यात महागात पडते ती पिनने रीसेट करण्याची चूक. मागच्या बारीक भोकात दहा सेकंद पिन दाबली की राउटर बंद-चालू होत नाही, तो कोरा होतो. कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या मार्गाचा) आकडा सगळं पुसलं जातं, आणि अडखळत का होईना चालणारं नेट माणूस येईपर्यंत पूर्ण बंद राहतं. बंद-चालू करायचं असेल तर बटणाने बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा.

दोष हवेचा निघाला तर आधी राउटरची जागा बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, फ्रीजशेजारी ठेवलेल्या राउटरची रेंज धातूच अडवतो. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत भिंती इतक्या जाड आहेत की ५ गिगाहर्ट्झची रेंज दुसऱ्या खोलीतच संपते. तिथे २.४ गिगाहर्ट्झच चालवावं. सांगलीतल्याच विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये नेमकं उलट आहे. भिंती पातळ, पण आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर २.४ वरच गर्दी करतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. चॅनेल ‘ऑटो’वर न सोडता त्यांतलं सर्वांत मोकळं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की वेग वाढण्याऐवजी शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधलं चॅनेल घ्या. ५२ ते १४४ या चॅनेलवर रडारची चाहूल लागली की राउटरला ती जागा सोडावी लागते, आणि व्हिडिओ कॉल तेवढ्यात तुटतो.

मोबाइलवरच्या वायफाय अॅनालायझरने रेंज मोजा. ती डीबीएममध्ये दिसते, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी चांगली. उणे ५० डीबीएम म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० च्या पलीकडे तुटणारच. रिपीटर नेमका या तुटणाऱ्या खोलीत लावला जातो आणि मग तो तुटकंच पुढे पाठवतो. तो निम्म्या वाटेवर, उणे ६० च्या आसपास लावावा. तरीही एकाच बँडचा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. आमचं स्पष्ट मत असं की कॅट ६ केबल ओढून पलीकडे जुना राउटर लावणं केव्हाही चांगलं. केबल १०० मीटरपर्यंत चालते. त्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (जोडलेल्या प्रत्येक मोबाइलला पत्ता वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅन नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिलं तर काही मोबाइलना नेट मिळतं, काहींना नाही, आणि कारण शोधताना डोकं फिरतं.

राउटर स्वतःच रीस्टार्ट होत असेल तर त्याच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) ‘अपटाइम’, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते बघा. तो सकाळपासून चालू असूनही अपटाइम वीस मिनिटांचाच दिसत असेल तर वीज किंवा अॅडॅप्टर तपासा. १२ व्होल्ट २ अँपिअर मागणाऱ्या राउटरला सेटटॉप बॉक्सचा १ अँपिअरचा अॅडॅप्टर लावला की पिन बसते, दिवे लागतात, पण घरातले सगळे मोबाइल जोडले की तो दम तोडतो. लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर वीज तुटते आणि फायबरला परत जुळायला दोन-तीन मिनिटं लागतात. राउटरचा छोटा यूपीएस हे टाळतो, मात्र त्याचेही व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात राउटर छताजवळ लावू नका.

वळवाचा पाऊस आला, विजा कडाडू लागल्या की अॅडॅप्टर काढा. बाहेरून लॅन केबलने जोडणी असेल तर तीही काढा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, तांब्याच्या केबलमधून येते आणि राउटरचा पोर्ट जाळते. अशा जोडणीचा स्विच (अनेक घरांना नेट वाटणारी पेटी) शेजारच्या इमारतीवर असेल तर तिथली लाइट गेली की तुमचंही नेट जातं, हेही ध्यानात ठेवा.

दोष लाइनचा असेल तर राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही. आधी केबल कपाटामागे दबली आहे का, खिळ्यावर करकचून गुंडाळली आहे का ते पाहा. वळण ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. हिरव्या टोकाचा जोड निळ्यात बसवू नका, आणि उघड्या टोकात डोळा लावून तर कधीच पाहू नका, आतला लेझर दिसत नाही पण इजा करू शकतो. राउटरच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद असते. उणे २५ डीबीएमपर्यंत ठीक, उणे २७ च्या खाली गेली की कुठेतरी जोड खराब आहे. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. आरएक्सचा आकडा, दिव्याचा रंग आणि पिंग गळण्याची वेळ सांगा, म्हणजे लाइनमन जोड करायचं मशीन घेऊनच येईल.